कुत्र्यांची हांडी

लग्न झालं तेव्हा मला भाकर थापता येत नव्हती. आम्ही पाच बहिणी, त्यात मी शेंडेफळ. थोरल्या चौघींनी चूल कधी रिकामी सोडलीच नाही. किन्हीराजा या गावी, माहेरी, मी कापूस वेचला, गोवऱ्या थापल्या, विहिरीचं पाणी भरलं, पण काटवटीजवळ जाऊन बसले की कोणीतरी म्हणायचंच, "सरक तिकडं, पीठ सांडवशील." मीही सरकत गेले. आणि एक दिवस माझं लग्न लागलं आणि मी मेडशीपासून कोसभर आत असलेल्या एका लहानशा वस्तीवर नांदायला आले. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. आमचा सगळा मुलूख तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडायचा.

घरात माणसं चारच. सासू, सासरे, माझे मालक आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामाजी. मामाजींच्या गळ्यात तुळशीची माळ होती, त्यामुळे घरात मास-मच्छी सोडाच, अंड्याचं टरफलही कधी आलं नव्हतं. घरामागे बैलांचा कोठा आणि कोठ्याच्या तोंडाशी दोन कुत्री. आमच्याकडे कुत्र्यांना नावं ठेवत नसत, रंगावरून हाक मारत. एक काळा आणि एक भुरी. रात्री दोघं मालकांबरोबर वावरात पीक राखायला, जागलीला जायची आणि सकाळी अंगावर दव घेऊन परत यायची.

पहिल्या दिवशी माझी भाकर तव्यावर पडतानाच तिचे तीन तुकडे झाले. दुसरी कडेनं फाटली. तिसरी मी इतकी जाड ठेवली की वरून करपली आणि मधे पीठच राहिलं. आत्याबाई चुलीजवळ बसून हे सगळं पाहत होत्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मायनं काई शिकवलं नाई वाट्टे," एवढंच म्हणाल्या. तुकडे टोपलीत गोळा केले आणि कोठ्याकडे बोट दाखवलं. "जाय, कुत्र्याईले टाकून ये."

असं आठ-दहा दिवस चाललं. रोज माझ्या हातचं कुत्र्यांकडे जायचं आणि माणसांसाठी आत्याबाई स्वतः थापायच्या. अखेर एका सकाळी त्यांनी निकाल दिला.

"असं कर. घरातली चूल मी पाह्यतो. कुत्र्याईची हांडी आजपासून तुह्याकडं. नाई तरी तुह्यं सारं त्याईच्याच पोटात जाते."

कोठ्यामागं तीन दगडांची एक चूल होती, त्यावर एक काळीठिक्कर मातीची हांडी. कुत्र्यांचं रांधणं वेगळं व्हायचं, कारण दोघं रात्रभर रानडुकरांच्या मागं धावायची. नुसत्या शिळ्या तुकड्यांवर ती टिकली नसती. मला मात्र तेव्हा हे कळत नव्हतं. मला वाटलं, मला घराबाहेर काढलं. कोठ्यामागं बसून मी पदर तोंडात धरून रडले. भुरी माझ्यासमोर बसून मान तिरपी करून पाहत राहिली.

पहिल्या दिवशी मी काय केलं, तर घरातलं उरलंसुरलं सगळं हांडीत ओतलं. वांग्याची रस्साभाजी, ठेच्याचं भांडं धुतलेलं पाणी, भाकरीचे तुकडे. गरमागरमच दगडी डोणीत वाढलं. काळ्यानं तोंड घातलं आणि लगेच मागं सरून जोरजोरानं शिंकायला लागला. भुरीनं नुसता वास घेतला आणि माझ्याकडं पाठ करून बसली. माझ्या हातचं कुत्रंही खात नाही म्हटल्यावर मला जमिनीनं गिळलं तर बरं असं झालं.

मामाजी बैलांना कडबा टाकत होते. सुनेशी सरळ बोलायची त्यांची रीत नव्हती. त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि बैलालाच सांगितल्यासारखं बोलले.

"मुक्या जितराबाले तिखट चालत नाई बाप्पा. मीठ तं नावाले. जवारीचा भरडा रातीच भिजू घाला लागते. मंग ताकात शिजवा लागते, मऊ होईस्तोवर. आन् बोट घालून पाह्यल्याबिगर वाढा नाई लागत. त्याईचीबी जीभ पोयते."

बैलानं मान हलवली. मी पदराआडून "हाव" म्हटलं.

त्या दिवसापासून मी शिकायला लागले. जात्यावर ज्वारी जरा सैल दळली की कण्या पडतात. त्या ताकात भिजवायच्या. पहाटे चूल पेटवून मंद आचेवर ठेवायच्या आणि लाकडी डावानं ढवळत राहायचं, नाहीतर बुडाला लागतात. कण्या फुलून आल्या की तुरीच्या डाळीची चुरी मूठभर टाकायची. तीही घोटून घ्यावी लागते, अख्खी राहिली तर जशीच्या तशी बाहेर पडते. हे मला दुसऱ्या दिवशी अंगण झाडताना कळलं. थंडीत वरून थोडं जवसाचं तेल सोडलं की महिन्याभरात कुत्र्याच्या अंगावर अशी चकाकी येते की हात फिरवत राहावंसं वाटतं. उन्हाळ्यात कण्या पातळ ठेवायच्या. पावसाळ्यात कुत्री गवत खाऊन ओकायला लागली की एक दिवस नुसतं ताक द्यायचं.

दोघांच्या आवडी वेगळ्या होत्या. काळा काही दिलं तरी आधी गिळायचा, मग विचार करायचा. भुरीला लाल भोपळा फार आवडायचा. भोपळा शिजताना तिला कोठ्यापलीकडून वास यायचा आणि ती चुलीपासून बरोबर दोन हातांवर येऊन बसायची, एक वीतही पुढं नाही. मी तिच्याशी बोलायला लागले. माहेरची आठवण आली की तिलाच सांगायची. सकाळचं ऊन कोठ्याच्या भिंतीवरून खाली उतरायचं, बैल रवंथ करायचे, हांडीतून ताकाचा आंबूस वास यायचा, आणि दिवसातली ती एक वेळ माझी असायची. घराबाहेर काढल्याचं दुःख कधी गेलं, मला कळलंही नाही.

मग एक मजेशीर गोष्ट घडली. सुगीआधीचे दिवस होते. माझे मालक वावरातून नेहमीपेक्षा लवकर आले. भूक अनावर झालेली आणि आत्याबाई विहिरीवर. हांडी मी चुलीवरून उतरवून निवायला कोठ्याच्या दारात ठेवली होती. त्यांनी कोनाड्यातलं भगुणं घेतलं, हांडीतल्या कण्या भरून घेतल्या, वर मीठ टाकलं आणि कोठ्याच्या उंबऱ्यावर बसून खायला लागले. मी गोवऱ्या घेऊन आले तर भगुणं निम्मं संपलेलं.

"आज माय लय मऊ शिजवून राह्यली कण्या," ते म्हणाले. "अजून आहे का वं?"

काळा त्यांच्यासमोर उभा राहून आपल्या कण्या दुसऱ्याच्या तोंडात जाताना पाहत होता. तेवढ्यात आत्याबाई डोक्यावर घागर घेऊन आल्या. एकदा हांडीकडं पाहिलं, एकदा मुलाकडं, आणि घागर कशीबशी खाली ठेवून त्या मटकन खाली बसल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"अरे, ते कुत्र्याईचं होतं!"

मालकांनी भगुण्यात पाहिलं आणि उरलेलं संपवलं. "असीन," म्हणाले, "पण माय, तुह्या हातच्यापेक्षा चांगलं हाये."

संध्याकाळी आत्याबाईंनी मला घरातल्या चुलीजवळ बोलावलं, शेजारी बसवलं आणि माझे हात आपल्या हातांत धरून पीठ मळायला लावलं. पाणी किती गरम, उंडा किती मळायचा, थापताना बोटं कशी पसरायची. "कुत्र्याईसाठी धीर धरतं, मंग भाकरीसाठी कायले घाई करतं?" असं म्हणाल्या. माझी अडचण खरंच घाईची होती. चौथ्या दिवशी माझी भाकर तव्यावर फुगली. कुत्र्यांची हांडी मात्र मी सोडली नाही आणि कोणी सोडायला सांगितलंही नाही.

त्याच वर्षी ज्वारीची कणसं भरून आलेली असताना काळ्याला डुकरानं फाडलं.

सकाळी मालक घोंगड्याची झोळी करून त्याला घेऊन आले. भुरी मागून गुपचूप चालत होती. मोठं एकलं डुक्कर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आत घुसलं होतं आणि काळ्यानं त्याला सोडलं नव्हतं. मागची मांडी हाडापर्यंत उघडी पडली होती आणि कुशीत एक लांब चीर गेली होती. मामाजींनी पंचा फाडला. हळद आणि कढवलेलं तेल जखमेत भरलं आणि घट्ट बांधून टाकलं. काळा ओरडला नाही. मामाजींचं मनगट त्यानं दातांत धरलं, पण दाबलं नाही.

"जगीन काय?" मी विचारलं. मामाजींना सरळ विचारलेला तो माझा पहिला प्रश्न.

"खाल्लं तं जगीन," ते म्हणाले. या वेळी बैलाकडं न पाहता माझ्याकडं पाहून.

काळा खाईना. मी कण्यांचं वरचं पाणी काढून दिलं, त्यानं मान फिरवली. दूध दिलं, भाकर दुधात कुस्करून बोटानं तोंडात घातली, ती तशीच बाहेर आली. आत्याबाईंनी लोण्याचा गोळा आणून दिला, तोही त्यानं चाटला नाही. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या आणि डोळ्यांवर माशा बसल्या तरी तो पापणी हलवत नव्हता.

त्या दिवशी बांगडीवाली चाची आली. ही मेडशीची मुसलमान बाई. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन वस्त्या-वस्त्या फिरायची. पन्नाशीची असेल, आवाज मोठा, पण हात इतके हलके की घट्टातली घट्ट बांगडीही न दुखता चढायची. तिच्या भावाचं मेडशीत मटणाचं दुकान होतं. ओसरीवर आत्याबाईंच्या हातात बांगड्या भरताना तिला मी कोठ्याशी बसलेली दिसले.

"बहू रोती काहून व बाई?"

आत्याबाईंनी सांगितलं. चाची टोपली तिथंच ठेवून कोठ्याकडं आली. काळ्याचा ओठ वर करून हिरडी पाहिली, पांढरीफटक होती.

"ह्याचं खून लय गेलं. ताकानं नाई भागत आता," ती म्हणाली. "पायाच्या हड्डीचा शोरबा दे त्याले. गरम नोको, कोमट. वासानंच उठीन पाह्य. उद्या मी भावाकडून हड्ड्या घेऊन येते."

मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्यांचा चेहरा कडक झाला होता.

"ह्या घरात हाड शिजनार नाई," त्या म्हणाल्या. चाचीशी त्यांचं चांगलं होतं, म्हणून आवाज खाली ठेवून म्हणाल्या, पण म्हणाल्या. "त्याईच्या गळ्यात माळ हाये. इतके वर्सं पाळलं."

चाचीनं वाद घातला नाही. "तुमचा धरम तुमी जाना," म्हणून टोपली उचलली. मला राहवलं नाही. मामाजी वावरातून आले तेव्हा मी दारात जाऊन उभी राहिले. डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला.

"मामाजी, चाची म्हणते हाडाचा रस्सा देल्ला तं तो उठीन. आत्याबाई नाई म्हणतात. तुमी नाई म्हटलं तं मी पुन्हा विचारनार नाई."

मामाजींनी पागोटं काढून खुंटीला लावलं. कोठ्यात जाऊन काळ्याशेजारी उकिडवे बसले, त्याच्या कानामागं खाजवलं. मग गळ्यातल्या माळेला हात लावून म्हणाले,

"हे माळ माह्या गळ्यात हाये. त्याच्या गळ्यात नाई."

आत्याबाई काही बोलणार होत्या, तर त्यांनी हात वर केला. "घरात नाई. कोठ्यातबी नाई. तिकडं बोरीखाली, धुऱ्यावर शिजू दे. हांडी नवी आन, आन् ते घरात येऊ देऊ नोको. त्यानं वावर राखलं आपलं. आपल्यापाई फाटलं ते."

दुसऱ्या दिवशी चाची पानांत बांधलेली हाडं घेऊन कोसभर चालत आली. मी आयुष्यात हाडाला हात लावला नव्हता. पुडा मी दोन बोटांनी उघडला. चाचीनं बोरीखाली बसून सगळं दाखवलं. हाडं दगडानं फोडायची, पाण्यात टाकायची, थोडी हळद, बाकी काही नाही. चूल लहान ठेवायची आणि दुपार कलेपर्यंत उकळू द्यायचं. वर फेस येतो तो काढायचा.

"आन् एक ध्यानात ठेव बहू. शिजलेली हड्डी त्याले देऊ नोको. तिच्या काड्या होतात, आतून फाडते. गाळून फकत पानी दे. नळीतला गुदा, तो मऊ मगज, काढून त्यात मिळव."

तो वास मला सहन होत नव्हता. नाकाला पदर बांधून मी ढवळत होते आणि दोनदा उठून बोरीपलीकडं जाऊन ओकले. चाचीनं पाठीवर हात फिरवला आणि "होते, होते" म्हणाली. रस्सा निवला, बोट घालून पाहिला, आणि मातीच्या परळात घेऊन मी काळ्याजवळ बसले. परळ त्याच्या नाकासमोर धरलं. काही नाही. मग नाकपुडी हलली. एकदा, परत एकदा. मी बोट बुडवून त्याच्या ओठाला लावलं. त्याची जीभ बाहेर आली आणि त्यानं माझं बोट चाटलं. मग सगळी बोटं चाटली. मग मान टेकलेलीच ठेवून परळातलं निम्मं प्यायला. मी चाचीकडं पाहून हसत होते आणि रडतही होते.

घरात शिरायच्या आधी आंघोळ करायची, ही आत्याबाईंची अट होती. मी विहिरीवर जाऊन थंडगार पाणी डोक्यावर घेतलं आणि दात वाजवत घरात आले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी बोरीखालून परत आले तर परसात दगडावर पाण्याचं घंगाळ ठेवलेलं होतं. पाण्यातून वाफ निघत होती, शेजारी माझं धुतलेलं लुगडं. आत्याबाई आत काहीतरी निवडत बसल्या होत्या, मान वर करून पाहिलंही नाही. पुढं जितके दिवस मी रस्सा केला, तितके दिवस घंगाळ तिथं असायचं.

आठवड्याभरात काळा पुढच्या पायांवर उठून बसायला लागला. मग मी रस्स्यात कण्या शिजवायला सुरुवात केली, आधी चमचाभर, मग मूठभर. चाची दर तीन-चार दिवसांनी हाडं आणायची, आणि वाटेवर तिचं काम असो नसो, यायची. आत्याबाई तिला ओसरीवर बसवून ताक द्यायच्या, गूळ द्यायच्या. दोघी मग आपल्या गुडघेदुखीवर बोलत बसायच्या. मामाजी संध्याकाळी कोठ्यात जाऊन आधी परळाकडं पाहायचे. रिकामं दिसलं की खाकरायचे. ते त्यांचं समाधान.

तुरी निघाल्या तेव्हा काळा चालत होता. मागचा पाय आखडला तो आखडलाच, तीन पायांवर उड्या मारत चालायचा. पोहरादेवीच्या जत्रेत बांगड्या विकून चाची परत आली, तेव्हा तो वस्तीच्या वाटेपर्यंत भुंकत तिला सामोरा गेला. तिनं टोपली खाली ठेवली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. "मरनार होता ना रे तू? मंग?" काळा शेपूट हलवत तिच्याभोवती फिरत राहिला. त्या दिवशी चाचीनं माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि आत्याबाईंनी स्वतः त्यांचा रंग निवडला.

पुढं माझ्या हांडीची आसपासच्या वस्त्यांवर ख्याती झाली. कोणाचं कुत्रं खाईनासं झालं, कोणाची कुत्री व्याली आणि दूध उतरेना, की बाया मला विचारायला यायच्या. मला ठाऊक होतं तेवढं मी सांगायची. व्यालेल्या कुत्रीला जवस आणि गुळाची पातळ लापशी, पोट बिघडलेल्याला तांदळाची पेज, म्हाताऱ्या कुत्र्याला सगळंच घोटून. मला वैद्यकी येत नव्हती, वासानं आणि बोटानं जे कळायचं तेवढंच. भुरीला पुढच्या वर्षी चार पिल्लं झाली. त्यातलं एक पिल्लू चाचीच्या भावाच्या दुकानाशी गेलं आणि तिथं ते असं गलेलठ्ठ झालं की ओळखू येईना.

काळ्याला जागलीला न्यायचं आम्ही बंद केलं होतं. पण दुसऱ्या सुगीला, कणसं खळ्यावर आणायची होती त्या सकाळी, मालकांनी बैलगाडी जुंपली तसा तो गाडीपुढं जाऊन आडवा उभा राहिला. हटकलं तरी हटेना. दोन वेळा बाजूला ओढला, दोन वेळा परत आला. मामाजी आतून आले, क्षणभर पाहिलं, खाली वाकले आणि त्याला उचलून गाडीत टाकलं.

"चाल बाप्पा," म्हणाले, "तुह्याबिगर सुगी कशी होईन."

येताना गाडी कणसांनी भरली होती आणि त्या ढिगाच्या शेंड्यावर काळा बसला होता. आखडलेला पाय बाजूला सोडून, कान ताठ करून, जसा काही सगळा माल त्यानंच पिकवला. धुऱ्यावरून जाणारी माणसं थांबून हसत होती. आत्याबाई गाडीमागं माझ्याशेजारून चालत होत्या. उन्हामुळं डोळ्यांवर हात धरून त्यांनी वर पाहिलं आणि मला म्हणाल्या,

"लय वजन वाढलं वं त्याचं. जराक कमी वाढत जाय."

मी हाव म्हटलं. पण कमी काही वाढलं नाही.